नावेतली बंदूक

कार्तिकातल्या एका बुधवारी माझा भाऊ वसंत तापीत बुडाला. नावेत तीन माणसे होती. दोन परत आली. बंदूक परत आली. अमरावतीला तार आली तेव्हा मी शाळेत शिकवत होते. तास संपल्यावर घरी गेले.

पुढच्या कार्तिकात मी त्याच नावेत बसून त्याच वाटेने गेले. ही हकीकत त्या प्रवासाची आहे. बुऱ्हाणपूरपासून चांगदेवच्या संगमापर्यंत तापीतून नावेने जाणारे लोक थोडे, आणि केवळ हौसेने जाणारे त्याहून थोडे. ज्यांनी हा पट्टा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहीत आहे. हौसेच्या नावेत बंदूक असावी की नसावी, यावर तिकडे अजून वाद चालतो. त्यात मला काय दिसले तेही सांगेन.

बुऱ्हाणपूर

लालबागच्या स्टेशनावर उतरून टांग्याने गावात जावे लागते. शनवारा दरवाजा ओलांडला की मागांचा खटखटाट सुरू होतो आणि तो कोणत्याही गल्लीत पाठ सोडत नाही. पहिल्या दिवशी त्याचा त्रास होतो. दुसऱ्या दिवशी तो थांबला की माणूस मान वर करून पाहतो.

वसंत इथे वकिली करीत असे. वर्षश्राद्धासाठी मी आले होते. श्राद्ध आटोपले, ब्राह्मण जेवून गेले, आणि दुपारी दत्तोबा चौधरी केळीचा घड घेऊन आले. नदीकाठी त्यांची केळीची बाग आहे. नावही त्यांचीच. दर वर्षी दिवाळी झाली की ते आणि वसंत शंकर नावाच्या भोयाला घेऊन चांगदेवपर्यंत जात. काम काही नसे. दोन दिवस पाण्यावर काढायचे, वाळूत चूल मांडायची, संगमावर अंघोळ करून आगगाडीने परत यायचे.

गेल्या वर्षी काय झाले ते त्यांनी मला पुन्हा सांगितले. ते ही गोष्ट पुष्कळांना सांगत आले असावेत, कारण वाक्ये ठरलेली होती. खडकडोह नावाच्या गावापाशी दोन्ही बाजूंनी खडक आहेत आणि मध्ये डोह आहे. तिथे सात-आठ माणसे हातात दांडकी घेऊन पाण्यात उतरली. त्यांनी नाव धरली आणि ओरडून म्हटले, उतरा, नाहीतर बुडवतो.

"मी म्हटलं, वसंता, बंदूक काढ," दत्तोबा म्हणाले. "त्यानं काढली. पण ती गवसणीत होती, फळीखाली. गवसणीतून निघेपर्यंत उशीर झाला. तो उभा राहिला आणि नाव कलंडली. बंदूक हाताशी असती ना ताई, तर वसंता आज असता."

त्यांचे आताचे म्हणणे असे, की नावेत दोन बंदुका हव्यात, एक पुढे आणि एक मागे, दोन्ही उघड्या. एक त्यांची स्वतःची आहे. दुसरी वसंताची, ती ठाण्यात जमा होती. ती दत्तोबांच्या नावे करायची तर सुशीलाची, म्हणजे वसंताच्या बायकोची, संमती लागणार होती.

सुशीला दाराआडून ऐकत होती. दत्तोबा गेल्यावर ती केळी निवडत माझ्याजवळ बसली. दत्तोबांची बायको रोज तिच्याकडे येते. नवऱ्याला नावेत जाऊ द्यावे की नाही, आणि जाऊ दिले तर बंदुकीसह की बंदुकीवाचून, असे विचारते. सुशीला तिला काही सांगू शकत नव्हती. बंदुकीने वाचला असता की बंदुकीने गेला, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हते.

"वन्सं, मला इथं बसून काही दिसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन बघा. त्या बाईचं माझ्यासारखं व्हायला नको. तुम्ही सांगाल ते मी करीन."

दत्तोबांची नाव त्याच आठवड्यात निघायची होती. मी येते असे त्यांना कळवले. बायका या फेरीला कधी गेल्या नव्हत्या. पण नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

राजघाटाच्या खाली

राजघाटासमोर नदीत दगडाचा एक हत्ती आहे. पुरात तो किती बुडाला यावरून गावातले लोक पाण्याचा अंदाज करतात. आम्ही निघालो तेव्हा तो सगळा उघडा होता आणि त्याच्या पाठीवर कोणीतरी धोतर वाळत घातले होते. मागे किल्ल्याची भिंत सरळ पाण्यात उतरते. बुऱ्हाणपूर पाहायचे तर ते नदीतून पाहावे. रस्त्याने पाहिले तर हे गाव नदीकडे तोंड करून बसले आहे हे लक्षातच येत नाही.

नाव लांब, अरुंद आणि सपाट बुडाची. उथळ धारेत खडकावरून घसरून जावी म्हणून ती तशीच बांधतात. मला मधल्या फळीवर बसवले. शंकर मागे बांबू घेऊन, दत्तोबा पुढे. दत्तोबांची दुनळी बंदूक त्यांच्या मांडीवर, उघडी. शंकरने मला निघतानाच एक नियम सांगितला. काहीही झाले, साप पडला तरी, उभे राहायचे नाही. बांबू मारणाऱ्याखेरीज नावेत कोणी उभे राहत नाही.

शंकर बंदुकीच्या बाजूचा होता. मला वाटले होते की पाण्यावर जन्म काढलेला माणूस हत्याराला हसेल. तसे नव्हते. उन्हाळ्यात खालच्या अंगाला धान्याची एक नाव लुटली गेली होती, आणि तिच्यावरचा भोई शंकरचा चुलत साडू होता. त्याचा हात अजून वाकत नाही. "त्याच्यापाशी काय होतं? बांबू," शंकर म्हणाला. "अन् त्यायच्यापाशी फरशीकुऱ्हाडी होत्या. बोला."

ती लूट खरी होती. शिवाय हैद्राबादच्या पोलीस कारवाईनंतर तिकडून पळालेली हत्यारे कुठे कुठे फिरत आहेत, याच्या गोष्टी त्या भागात घरोघरी सांगत. पुढे खाली मुंबई राज्याची हद्द लागते. मी दत्तोबांना विचारले की तुमचा परवाना मध्यप्रदेशचा, तो त्या हद्दीत चालतो का. ते म्हणाले, नदीत हद्द कुठे आखली आहे? शंकर म्हणाला, मालक या हद्दीत बंदूक भरतात आणि त्या हद्दीत झाकतात. दत्तोबा हसले. त्या दिवसात ते तेवढेच हसले.

दुपारी एका वाळूच्या पट्ट्यावर चक्रवाक दिसले. बसून गोळी झाडता येत नाही असे मी म्हटले नव्हते, पण ती शंका माझ्या तोंडावर दिसली असावी. दत्तोबा म्हणाले, ताई, हे बघा, आणि बसल्या बसल्या बार काढला. पक्षी उडून गेले. नाव एका अंगाला झुकली, पाणी आत आले, आणि दत्तोबांच्या बायकोने बांधून दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या पाण्यात तरंगू लागल्या. शंकर बांबूवर सगळा भार टाकून नाव सावरत होता. मी दोन्ही हातांनी फळी धरून होते. नाव स्थिर झाल्यावर शंकरने आधी आतले पाणी उपसले. मग म्हणाला, "मालक, पुढच्या खेपेला आधी भाकरी सांगून ठेवा. मी उचलून धरीन."

भाकऱ्या गेल्या. भरीत आणि ठेचा राहिला, तो आम्ही केळ्यांबरोबर खाल्ला. आमच्या वऱ्हाडात असा प्रकार कोणी करणार नाही. वाईट लागत नाही, एवढे सांगते.

रात्री आम्ही दत्तोबांच्या ओळखीच्या एका बागायतदाराकडे मुक्काम केला. त्यांच्याकडे शेवभाजी होती. ती इतकी तिखट होती की मला पुढच्या दिवसाची काळजी करता आली नाही.

खडकडोह

दुसऱ्या दिवशी सकाळी खडक दिसू लागले. धार तिथे अरुंद होते, मग एकदम सैल पडते. डोहाचे पाणी काळे नाही, हिरवे आहे. काठावर दहा-पंधरा माणसे बसली होती. दत्तोबांनी बंदूक हातात घेतली. शंकरने बांबू वर काढला, तशी नाव आपोआप वाहू लागली.

कोणी पाण्यात उतरले नाही. कोणी ओरडले नाही. माणसे बसून राहिली आणि आमच्याकडे पाहत राहिली. एका म्हाताऱ्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले. आम्ही असेच निघून गेलो असतो.

मी दत्तोबांना म्हणाले की मला इथे उतरायचे आहे. त्यांनी नको म्हटले, मग पुन्हा नको म्हटले. मी म्हणाले, भाऊ जिथे गेला ती जागा मला पाहायची आहे, त्यासाठीच मी आले आहे. शेवटी शंकरने न विचारताच नाव काठाला लावली.

काठावरून एक बाई पुढे आली. तिचे नाव मथुराबाई, गावच्या पाटलाची बायको, चाळिशीची असेल. तिने मला हात देऊन उतरवले आणि कुठल्या म्हणून विचारले. मी म्हणाले, गेल्या वर्षी इथे जे वकील बुडाले, त्यांची मी बहीण.

तिने माझा हात सोडला नाही. मागच्या माणसांत कुजबूज झाली आणि थांबली.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या भावाले आमी मारलं नाही. आमी जेवाले अडवलं."

मग तिने जे सांगितले ते असे. दिवाळी झाली की सासुरवाशिणीला माहेरी न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. खडकडोहचे लोक तापीला सासुरवाशीण मानतात. तिचे माहेर वर मुलताईला, आणि ती खाली सासरी चालली आहे. म्हणून दिवाळीनंतर वरून जे पहिले वाहन डोहात येते, तो तापीचा मुऱ्हाळी. त्याला जेवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाही. आणि मुऱ्हाळ्याला कोणी नुसते या बसा म्हणत नाही. त्याची खोडी काढतात, त्याला अडवतात. गावातले पुरुष दांडकी घेऊन पाण्यात उतरतात, नाव धरतात, उतर नाहीतर बुडवतो म्हणतात. मुऱ्हाळ्याने घाई आहे म्हणायचे, चार शिव्या द्यायच्या, मग उतरायचे. जेवण झाले की नारळ देऊन त्याला वाटेला लावतात.

दर वर्षी हा मान बांबूच्या ताफेवाल्यांना मिळे. वरच्या जंगलातला बांबू दिवाळीत ताफे, म्हणजे तराफे, बांधून खाली येई, आणि दत्तोबांची नाव त्यांच्या मागाहून. ताफेवाले पिढ्यान्‌पिढ्या येणारे, त्यांना ठाऊक असे. ते लांबूनच शिव्या सुरू करीत. पण गेल्या वर्षी मालगुजाऱ्या, म्हणजे तिकडच्या जमीनदाऱ्या, गेल्या, जंगले सरकारकडे आली, जुने ठेके थांबले आणि नवे दिले गेले नव्हते. ताफे आलेच नाहीत. डोहात पहिली आली ती दत्तोबांची नाव.

"माहा धाकटा दीर नावेचं तोंड धरून होता," मथुराबाई म्हणाली. "हसू राह्यला होता तो. वकीलसाहेब उभे राह्यले तवा त्याले वाटलं, उतरू राह्यले. मंग ते पडले. तिघं जण उड्या टाकून बुड्या मारत होते संध्याकाळलोक. ठाण्यातून शिपाई आले, त्यायले दरोडेखोर म्हणून घेऊन गेले. मंग सोडलं. पण आता कोणी पाण्यात उतरत नाही. यंदा ताफे आले. कोणी अडवले नाहीत. यंदा मुऱ्हाळी जेवला नाही."

मी विचारले, त्या दिवशी जेवण तयार होते का.

"ताट वाढलेलं होतं हो," ती म्हणाली. "माह्याच हातानं."

दत्तोबा माझ्यामागे उभे होते. बंदूक त्यांच्या हातात होती. ते तिच्याशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. "ताई, पाण्यात दांडकं घेऊन उतरलेला माणूस जेवायला बोलावतो की लुटायला, हे दांडक्यावर लिहिलेलं नसतं. धान्याच्या नावेला ज्यांनी अडवलं, तेही असेच उतरले असतील."

त्यात खोटे काही नव्हते. मी एवढेच म्हणाले की तसे असेल तर आधी विचारावे लागेल, आणि विचारणे बसूनही करता येते.

मथुराबाईने मला घरी चला म्हटले. मी मुऱ्हाळी म्हणून जेवेन, असे तिने ठरवूनच टाकले होते. एक म्हातारा म्हणाला, बाईमाणूस मुऱ्हाळी कशी होईल? मथुराबाई म्हणाली, "मामंजी, भाऊ आला तवा तुमी जेवू घातलं का? मंग बहिणीले तरी घालू द्या."

पाटलांच्या ओसरीवर ताटे मांडली. दत्तोबा उंबऱ्याशी थांबले. बंदूक घेऊन पाटावर बसता येईना आणि ती कोणाच्या हाती द्यावी हे कळेना. मथुराबाई वाढताना थांबून त्यांच्याकडे पाहत होती. वाढून झालेल्या ताटाशी उभे असलेल्या माणसाकडे कोणीही बाई पाहील तसेच. शेवटी त्यांनी ती शंकरला दिली आणि नावेत जाऊन बसायला सांगितले. शंकर खूश होऊन गेला. थोड्या वेळाने मथुराबाईने त्याच्यासाठीही ताट पाठवले. जेवून मी काठावर आले तेव्हा बंदूक ओल्या वाळूत पडलेली होती आणि शंकर दोन्ही हातांनी बट्टी चुरत होता.

जेवणात वरणबट्टी होती, वांग्याची भाजी, आणि गव्हाची खीर. मी सगळे खाल्ले. वर्षभरात मी पूर्ण ताट संपवले नव्हते. हे मी तिथे कोणाला सांगितले नाही. मथुराबाईचा दीर मला दुरून पाहत होता. निघताना त्याने नारळ आणून दिला. मग त्याने नावेचे तोंड धरून ती पाण्यात लोटली आणि गुडघाभर पाण्यापर्यंत बरोबर आला.

चांगदेव आणि परत

पूर्णा येऊन मिळते तिथे पाणी दोन रंगांचे दिसते आणि बऱ्याच अंतरापर्यंत मिसळत नाही. चांगदेवाचे देऊळ काळ्या दगडाचे, शिखर नसलेले. आत गारवा आहे. पुजाऱ्याने दत्तोबांना ओळखले आणि वकीलसाहेब दिसत नाहीत म्हणून विचारले. दत्तोबांनी गोष्ट सांगितली. डोह, दांडकी, नाव धरली, वसंता उभा राहिला. ठरलेल्या वाक्यांतले एक वाक्य त्यांनी गाळले. बंदूक काढ असे त्यांनी म्हटले होते, ते. गाळल्यावर ते थांबले, आणि पुजारी पुढचे ऐकायला तसाच उभा राहिला. पुढचे त्यांनी सांगितले नाही. मी देवळाच्या दुसऱ्या बाजूला गेले.

भुसावळहून आगगाडीने परत आलो. शंकर नाव बांबूने वर घेऊन मागाहून येणार होता.

सुशीलाला मी सल्ला दिला नाही. पाहिले ते क्रमाने सांगितले: चक्रवाक, भाकऱ्या, लुटलेल्या नावेवरच्या भोयाचा हात, खडकडोहचे लोक, ताफे न आल्याची गोष्ट. सगळे झाल्यावर तिने एक विचारले.

"ताटात काय होतं?"

मी सांगितले.

"बट्टी त्यांना आवडायची," ती म्हणाली. मग उठून दिवा लावायला गेली. दुसऱ्या दिवशी दत्तोबांची बायको आली तेव्हा सुशीलाने तिला माझ्यासमोर सगळे सांगितले, माझ्यापेक्षा थोडक्यात. बंदूक देणार नाही, असे शेवटी सांगितले. दत्तोबा वाद घालायला आले नाहीत. त्यांनी मावाजलेबी पाठवली.

जाणाऱ्यांसाठी माझे मत असे. धान्य घेऊन जाणाऱ्याने काय करावे हे मी सांगू शकत नाही. त्याला पळता येत नाही आणि माल सोडता येत नाही. पण हौसेने जाणाऱ्याला आपल्या वस्तू सोडून देता येतात. त्याच्या नावेत उभे राहायला जागा नसते, आणि बंदूक हाताशी असली की माणूस विचारायच्या आधी उभा राहतो. दिवाळीनंतर लगेच जाणार असाल तर ताफे गेले आहेत का, एवढे राजघाटावर विचारून घ्या. गेले नसतील, तर खडकडोहला भुकेले पोहोचा.

त्याला आता काही वर्षे झाली. बुऱ्हाणपूर ज्या मध्यप्रदेशात आहे त्यातला वऱ्हाड निघून मुंबई राज्यात गेला, आणि माझे अमरावती व त्यांचे बुऱ्हाणपूर वेगवेगळ्या राज्यांत आले. नेपानगरला कागदाचा कारखाना झाला, बांबू आता तिकडे जातो आणि ताफे पुन्हा बंद पडले. त्यामुळे दिवाळीनंतर डोहात पहिली येते ती दत्तोबांची नाव. लोक पाण्यात उतरतात. दत्तोबा शिव्या देतात, असे शंकर सांगतो, आणि फार वाईट देतात, कारण त्यांना सवय नाही. त्यांची स्वतःची बंदूक ते अजून बरोबर नेतात. ती गवसणीत, फळीखाली असते.

वसंताची बंदूक बुऱ्हाणपूरच्या ठाण्यात आहे. तिला चिठ्ठी बांधलेली आहे आणि चिठ्ठीवर त्याचे नाव आहे.